कोलन बायोप्सी: डबीपासून रिपोर्टपर्यंत

कोलन बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी मोठ्या आतड्यातून काढलेला, तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो मिळावा म्हणून पेशंटनं आदल्या दिवसापासून जेवण सोडलेलं असतं, पोट साफ करायचं ते खारट पाणी नाक दाबून प्यायलेलं असतं, घरातलं कोणीतरी रजा टाकून सोबत आलेलं असतं. एवढ्या खटाटोपाचं उत्तर त्या तुकड्यात असतं, आणि लॅबमध्ये तो वाया जायला एक मिनिट पुरतं.

लॅबचं काम लवकर व्हावं म्हणून मायक्रोस्कोपपाशी घाई करण्यात काही अर्थ नाही. वेळ खातात ती परत करावी लागणारी कामं: आडवा बसलेला तुकडा पुन्हा एम्बेड करणं (मेणात बसवणं), माहिती नाही म्हणून डॉक्टरांना फोन लावत बसणं, ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) दुसऱ्यांदा मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, चढवणं. स्लाइड हातात येण्याआधीचे टप्पे नीट झाले, तर वाचायला खरंच थोडा वेळ लागतो. पुणे आणि आसपासच्या लहान-मध्यम लॅबमधले टेक्निशियन आणि नव्यानं रिपोर्टिंग करू लागलेले रेसिडेंट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

फॉर्म आणि डबी

‘कोलन बायोप्सी, एचपीई प्लीज’ (एचपीई म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी तपासणी) एवढंच लिहिलेला फॉर्म घेऊ नका. काउंटरवरच चार गोष्टी विचारायच्या: पेशंटचं वय आणि तक्रार किती दिवसांची, स्कोपीत (दुर्बिणीनं आतडं पाहताना) काय दिसलं, तुकडे नेमके कुठून घेतले, आणि आधी कोणती औषधं झाली. स्टेरॉइड, टीबीची औषधं, सततच्या वेदनाशामक गोळ्या, ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, यातल्या प्रत्येकानं स्लाइडचा अर्थ बदलतो. स्कोपीच्या रिपोर्टची झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेला फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. ही माहिती नमुना घेताना दोन मिनिटांत मिळते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच डॉक्टर ओटीत असतात आणि फोन उचलत नाहीत.

प्रत्येक जागेसाठी वेगळी डबी हवी. इलियम (लहान आतड्याचं शेवटचं टोक), सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात), असेंडिंग, ट्रान्सव्हर्स, डिसेंडिंग, सिग्मॉइड, रेक्टम (गुदाशय) सगळं एकाच डबीत टाकून पाठवलं, तर आजार कुठे आहे आणि कुठे नाही हा निम्मा पुरावा तिथेच संपतो. आयबीडीची (क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या जुनाट दाहाची) शंका असेल आणि पहिलीच तपासणी असेल, तर इलियम आणि रेक्टम धरून किमान पाच जागा आणि प्रत्येक जागेहून किमान दोन तुकडे ही सर्वमान्य पद्धत आहे. वरून चांगल्या दिसणाऱ्या भागाचेही तुकडे त्यात हवेत. आपल्याकडे नेहमी काम पाठवणाऱ्या एंडोस्कोपी सेंटरला हे एकदा जाऊन समजावून सांगा, पुढचे कित्येक महिने त्याचा फायदा होतो. नाव आणि जागा डबीच्या अंगावर लिहायची, झाकणावर नाही. झाकणांची अदलाबदल होते.

टीबीची शंका असेल तर एक-दोन तुकडे फॉर्मलिनऐवजी नॉर्मल सलाइनमध्ये, वेगळ्या डबीत, थेट मायक्रोबायोलॉजीकडे जायला हवेत. फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. स्कोपी झाल्यावर हे आठवून उपयोग नाही, म्हणून सेंटरच्या टेबलावर दोन्ही प्रकारच्या डब्या आधीच मांडलेल्या असाव्यात.

फॉर्मलिन

दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, दुसरं काही नाही. एक लिटर बनवायचं तर बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. बफर न घातलेलं फॉर्मलिन आम्ल होतं आणि तुकड्यात काळपट तपकिरी कण सोडतं. मग ते पिगमेंट आहे की आणखी काही, यावर डोळे शिणवावे लागतात. द्रव तुकड्याच्या किमान दहापट, वीसपट असेल तर उत्तम.

तुकडा इवलासा असला तरी फिक्सेशनला किमान सहा तास द्या. फॉर्मलिन आत लवकर शिरतं, पण प्रथिनांशी बांधणी व्हायला वेळ लागतो. पुण्यात हे गणित सहज जुळतं. स्कोपी बहुतेक सकाळी होतात, डेक्कन, हडपसर, चिंचवडहून नमुने दुपारपर्यंत येतात, संध्याकाळी ग्रॉसिंग (तुकडे मोजून कॅसेटमध्ये भरणं), रात्री प्रोसेसर (तुकड्यातलं पाणी काढून मेण भरणारं यंत्र), सकाळी ब्लॉक, दुपारी स्लाइड. बारामती, नारायणगाव, साताऱ्याहून येणारा नमुना फॉर्मलिनमध्ये असेल तर एक रात्र प्रवासात गेली तरी बिघडत नाही. सलाइनमध्ये घातलेला तुकडा मात्र एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिला तर पेशी गळून जातात आणि त्यातून काहीही वाचता येत नाही. अनंत चतुर्दशीच्या आसपास लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतात. त्या दिवसांत नमुना कोण, कधी, कोणत्या रस्त्यानं आणणार हे आदल्या दिवशीच ठरवा.

ग्रॉसिंग

डबी उघडली की आधी तुकडे मोजायचे, मोठ्यानं. टेक्निशियन म्हणते, “मॅडम, फॉर्मवर तीन लिहिलेत, दोनच आहेत.” मग झाकणाची आतली बाजू पाहायची, डबीचा काठ पाहायचा, फॉर्मलिन फिल्टर पेपरमधून गाळायचं. तिसरा तुकडा बहुतेक वेळा झाकणालाच चिकटलेला असतो. नाहीच सापडला तर तसं लिहून ठेवायचं आणि लगेच सेंटरला कळवायचं.

तुकड्याबरोबर आलेला पांढरट-पिवळा चिकट साका फेकू नका. अमीबा त्यातच असतो. तोही पेपरमध्ये गुंडाळून त्याच कॅसेटमध्ये (प्रोसेसरमध्ये जाणाऱ्या जाळीदार डबीत) घाला.

तुकडे उचलायला दात नसलेला बारीक चिमटा वापरायचा आणि दाबायचं नाही. दाबलेल्या तुकड्यातल्या लिम्फोसाइट निळ्या रेघांसारख्या ओढल्या जातात. गॉजवर ठेवायचं नाही, जाळीचे ठसे उमटतात. स्पंजच्या कॅसेटमध्ये त्रिकोणी भोकं पडतात. साधा फिल्टर पेपर किंवा लेन्स पेपर सगळ्यात बरा. गुंडाळण्याआधी तुकड्यावर इओसिनचा एक थेंब टाकायचा, म्हणजे सकाळी पांढऱ्या मेणात गुलाबी ठिपका लगेच दिसतो.

प्रोसेसिंग

थोडक्यात सांगते. बायोप्सीला मोठ्या स्पेसिमेनचं शेड्यूल लावू नका. अल्कोहोल, झायलीन आणि मेणात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलेला तुकडा ठिसूळ होतो आणि कापताना त्यात पट्ट्या-पट्ट्या पडतात. शक्य असेल तर बायोप्सीचा छोटा कार्यक्रम वेगळाच ठेवा.

पावसाळ्यात अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. पुढचं झायलीन दुधाळ दिसलं, तर अल्कोहोलमध्ये पाणी शिरलंय हे ओळखायचं. शेवटच्या अल्कोहोलच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चांगली आहे. पांढरी पूड निळी झाली की अल्कोहोल बदला. गुरुवारी पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता असते, तेव्हा प्रोसेसर इन्व्हर्टरवर आहे ना, हे बुधवारी संध्याकाळी तपासा.

एम्बेडिंग, म्हणजे निम्मं निदान

या टप्प्यावर हात राखून काम करू नका. कोलनच्या आतल्या अस्तरात क्रिप्ट नावाच्या सरळ नळ्या शेजारी-शेजारी उभ्या असतात, रॅकमध्ये ओळीनं लावलेल्या टेस्टट्यूबसारख्या. त्या नळ्या पृष्ठभागापासून तळाच्या मस्क्युलारिस म्युकोसी या पातळ स्नायूच्या थरापर्यंत एका पातळीत दिसल्या, तरच त्या वाकड्या झाल्यात का, त्यांना फाटे फुटलेत का, तळापर्यंत पोचत नाहीत का, हे सांगता येतं. तुकडा आडवा बसला तर फक्त गोल वर्तुळं दिसतात. वर्तुळं पाहून क्रॉनिक कोलायटिस (मोठ्या आतड्याचा जुनाट दाह) आहे की नाही ठरवणं म्हणजे अंदाज बांधणं.

भिंग लावा. वितळलेल्या मेणात तुकडा सोडल्यावर चिमट्याच्या टोकानं हळूच फिरवा. एक बाजू किंचित चकचकीत, फुगीर आणि गुळगुळीत असते, ती म्युकोसा, म्हणजे आतलं अस्तर. दुसरी खरबरीत, फाटल्यासारखी, कधी एखादा धागा लोंबत असलेली, ती कापलेली बाजू. तुकडा कडेवर उभा करायचा, म्हणजे चाकू म्युकोसापासून तळापर्यंत एका रेषेत जाईल. एका ब्लॉकमध्ये चार तुकडे असतील तर चारही एकाच दिशेला, एका ओळीत आणि एकाच पातळीवर. एक वर आणि एक खोल राहिला, तर खोलातला तुकडा येईपर्यंत वरचा कापून संपलेला असतो. ओळीत लावले की वाचतानाही स्टेजवर सरळ एका रेषेत जाता येतं, पुढे-मागे शोधत बसावं लागत नाही.

मेण थोडं गोठेपर्यंत तुकडा धरून ठेवायला पाच-सात सेकंद लागतात. गर्दीच्या दिवशी हेच सेकंद वाचवावेसे वाटतात आणि पुढे त्यांचीच भरपाई तासांत करावी लागते. एम्बेडिंगला लॅबमधला सगळ्यात अनुभवी हात बसवा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवीन मुलाला तिथे बसवतात, हे मला कधीच पटलं नाही.

कटिंग

जाडी तीन ते चार मायक्रॉन. ब्लॉक ट्रिम करताना हात हलका, नाहीतर अर्धा तुकडा कचऱ्यात जातो. निदान तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरचे रिबन (सलग कापांच्या पट्ट्या) एका-दोन स्लाइडवर बसवावेत. ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींची गाठ), एखादा सीएमव्हीचा (सायटोमेगालोव्हायरस या विषाणूचा) दाणा, छोट्या पॉलिपमधला अ‍ॅडेनोमा (कॅन्सरपूर्व गाठ) अनेकदा एकाच पातळीवर असतो.

सगळ्यात जास्त वेळ आणि ऊतक वाचवणारी गोष्ट पुढे आहे. दोन पातळ्यांच्या मधले रिबन टाकून देऊ नका. टीबी, सीएमव्ही किंवा कॅन्सरची शंका फॉर्मवरच असेल, तर मधले दोन-चार सेक्शन पॉली-एल-लायसिन (काप घट्ट चिकटवणारं द्रव्य) लावलेल्या स्लाइडवर न रंगवता ठेवून द्या. नंतर स्पेशल स्टेन किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीनं ठरावीक प्रथिन रंगवणं) हवी झाली की ब्लॉक परत चढवावा लागत नाही. परत चढवलेला ब्लॉक सपाटीला आणतानाच बायोप्सी संपलेली असते.

वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा पाच ते दहा अंश कमी ठेवा, आणि प्रत्येक केसनंतर पृष्ठभाग टिश्यू पेपरनं निपटून काढा. आधीच्या केसमधला कॅन्सरचा एक कण पुढच्या निरोगी बायोप्सीच्या स्लाइडवर येऊन बसला, तर काय होईल हे सांगायला नको. एखादा तुकडा बाकीच्यांशी जुळत नाही, एकाच सेक्शनमध्ये आहे आणि पुढच्या पातळीवर नाही, असं दिसलं तर आधी फ्लोटर, म्हणजे दुसऱ्या केसमधून आलेला कण, समजा आणि ब्लॉकशी ताडून पाहा. मे महिन्यात ब्लॉक मऊ पडतात. बर्फाच्या ट्रेवर ठेवूनच कापा.

रंग

रोजचा एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) पुरतो. निळसरपणा आणायला वाहतं पाणी वापरत असाल तर गुरुवारचा पाणीपुरवठा बंद असण्याचा घोळ होतो. खडकवासल्याचं पाणी आलं नाही म्हणून स्लाइड अडू नयेत. एक लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून स्कॉटचं द्रावण करून ठेवा. रंगही दिवसेंदिवस एकसारखा येतो.

सगळ्या बायोप्सींवर सरसकट झेडएन (टीबीच्या जंतूंसाठी), पीएएस (शर्करायुक्त पदार्थांसाठी), ट्रायक्रोम (कोलॅजनसाठी) असे स्पेशल स्टेन मागवू नका. पेशंटचे पैसे आणि टेक्निशियनचा दिवस, दोन्ही जातात. आधी एच अँड ई वाचा, मग प्रश्न ठरवून स्टेन मागवा.

वाचन: आधी लांबून

पहिली दोन मिनिटं ४एक्सवरून वर जायचं नाही. तुकडे किती आहेत, सगळे स्लाइडवर आलेत का, मस्क्युलारिस म्युकोसी दिसते का, सबम्युकोसा (त्याखालचा थर) मिळालाय का. मग नळ्यांची रचना. मग सूज कुठे आहे: सगळीकडे सारखी, की ठिपक्या-ठिपक्यांनी, वर जास्त की तळाशी जास्त. या लेन्सवर मत बनवा आणि मोठ्या लेन्सवर ते तपासा. थेट ४०एक्सवर गेलं की चार न्यूट्रोफिल (ताज्या दाहातल्या पांढऱ्या पेशी) दिसतात आणि डोक्यात कोलायटिस पक्का होतो.

नॉर्मल काय असतं हे जागेनुसार बदलतं. उजव्या कोलनमध्ये लॅमिना प्रोप्रियात (नळ्यांमधल्या जागेत) पेशी मुळातच जास्त असतात, डाव्या बाजूला कमी. पॅनेथ पेशी (नळीच्या तळाच्या दाणेदार पेशी) उजवीकडे नॉर्मल, डावीकडे दिसल्या तर जुन्या इजेची खूण. लिम्फॉइड फॉलिकलजवळच्या नळ्या वाकड्याच असतात, त्यावरून निदान करू नका. पोट साफ करायच्या काही औषधांनीही, विशेषतः तोंडानं घेतलेल्या सोडियम फॉस्फेटनं, इथे-तिथे थोडे न्यूट्रोफिल आणि मरणाऱ्या पेशी दिसतात.

मग क्रमानं वरून खाली यायचं. पृष्ठभागाच्या पेशींमध्ये लिम्फोसाइट जास्त आहेत का? शंभर पेशींमागे वीसपेक्षा जास्त असतील, रचना शाबूत असेल आणि पेशंटला पाण्यासारखे जुलाब असतील, तर लिम्फोसायटिक कोलायटिस. पृष्ठभागाखालची कोलॅजनची पट्टी दहा मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर कोलॅजिनस. तिरक्या कापलेल्या ठिकाणी ही पट्टी खोटी जाड दिसते, म्हणून मोजायची ती उभ्या कापलेल्या नळ्यांच्या भागात. पृष्ठभागावर निळी केसाळ कड दिसली तर स्पायरोकिटोसिस (मळसूत्री जिवाणूंचा संसर्ग) आठवा. एम्बेडिंग नीट झालं नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

नळ्यांच्या तळाशी थांबा. नळीचं तळ आणि मस्क्युलारिस म्युकोसी यांच्यामध्ये प्लाझ्मा पेशींचा थर साठलेला असेल, तर ती क्रॉनिक आजाराची सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे. नळ्या वाकड्या होण्याआधीच ती दिसते. न्यूट्रोफिल भरपूर आहेत, क्रिप्ट अ‍ॅब्सेस (नळीत साठलेला पू) आहेत, पण रचना सरळ आहे आणि तळाशी प्लाझ्मा पेशी नाहीत, असं चित्र संसर्गजन्य कोलायटिसचं. दोन आठवड्यांच्या जुलाबाला आयबीडीचा शिक्का मारण्याआधी हा फरक नीट पाहा.

व्रणाचा तळ असेल तर तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मोठ्या, घुबडाच्या डोळ्यासारख्या दाण्याच्या पेशी शोधा. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सीएमव्ही सापडला तर उपचार बदलतात. साक्यामध्ये अमीबा: फेसाळ शरीर, लहान गोल केंद्रक, पोटात लाल पेशी. मॅक्रोफेजशी (कचरा गिळणाऱ्या शरीराच्याच पेशींशी) गल्लत होत असेल तर पीएएसमध्ये अमीबा गडद किरमिजी उठतो, आणि सीडी६८ (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा एक स्टेन) मॅक्रोफेजला रंगवतं, अमीबाला नाही. आपल्या भागात अमीबा न शोधता आयबीडी लिहू नये. स्टेरॉइड दिल्यावर अमीबिक कोलायटिस जिवावर बेतू शकतो.

टीबी की क्रोन्स

या प्रश्नाला इथे पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त जागा द्यावी लागते. दोन्ही आजार इलिओसीकल भागाला धरतात, दोन्हींत ग्रॅन्युलोमा असतात, आणि चूक झाली तर एकीकडे टीबीच्या पेशंटला स्टेरॉइड जातात, दुसरीकडे क्रोन्सचा पेशंट महिनोन् महिने टीबीची औषधं घेत राहतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या कामामुळे बायोप्सीवर काय पाहायचं ते बरंच स्पष्ट झालं आहे. टीबीचे ग्रॅन्युलोमा मोठे, बऱ्याचदा ४०० मायक्रॉनच्या पुढचे, एका जागी अनेक, एकमेकांत मिसळलेले, कधी मध्ये कुजलेले असतात. व्रणाच्या काठाला एपिथेलिऑइड हिस्टिओसाइटची (ग्रॅन्युलोमा ज्यांचा बनतो त्या पेशींची) पट्टी दिसते आणि सबम्युकोसातली सूज म्युकोसाच्या मानानं जास्त असते. क्रोन्सचे ग्रॅन्युलोमा छोटे, एकटे-दुकटे, विस्कळीत असतात आणि शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या म्युकोसातही ठिपक्यांनी सूज सापडते. फुटलेल्या नळीशेजारी जमलेला हिस्टिओसाइटचा पुंजका या हिशेबात धरू नका. तो अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही दिसतो.

झेडएनची स्लाइड तेलाच्या लेन्सखाली नियंत्रण स्लाइडसोबत (जिच्यात टीबीचे जंतू नक्की आहेत), बसून, शांतपणे पाहायची. पाण्यातून आलेले जिवाणू ऊतकाच्या पातळीच्या वर तरंगतात, फोकस वर-खाली करून ते ओळखता येतात. आतड्याच्या टीबीत झेडएन आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) दोन्ही बऱ्याचदा निगेटिव्ह येतात, म्हणून निगेटिव्ह आल्यानं टीबी नाही असं लिहायचं नाही. ग्रॅन्युलोमाची शंका आहे पण दिसत नाही, तर आणखी खोल पातळ्या कापून घ्या, ते कष्ट सार्थकी लागतात. तरीही ठरत नसेल तर ‘ग्रॅन्युलोमॅटस कोलायटिस, टीबीकडे कल’ किंवा ‘क्रोन्सकडे कल’ असं, कारणं देऊन लिहा. डॉक्टरांना पुढचा निर्णय घ्यायला ते पुरतं.

पॉलिप आणि कॅन्सर

पॉलिप मोठा असेल तर देठ ओळखा, तळाला शाई लावा, देठातून उभा छेद घ्या. प्रत्येक अ‍ॅडेनोमात किमान लो-ग्रेड डिसप्लेसिया (पेशींमधला कॅन्सरपूर्व बदल) असतोच. हाय-ग्रेड आहे का आणि तळाची कड मोकळी आहे का, एवढं नेमकं लिहा. आयबीडीत डिसप्लेसिया वाटला आणि शेजारी न्यूट्रोफिल भरलेले असतील, तर ‘अनिश्चित’ हा शब्द आहे, तो वापरायला कमीपणा मानू नका. दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या.

रेक्टमच्या बायोप्सीत लॅमिना प्रोप्रियात स्नायूंचे धागे वर चढलेले आणि नळ्या टोकदार, हिऱ्यासारख्या दिसल्या, तर सॉलिटरी रेक्टल अल्सर. स्कोपीत तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो आणि फॉर्मवर ‘ग्रोथ’ लिहून येतो. फॉर्मवरच्या शब्दाला भुलू नका.

कॅन्सर आहे असं लिहायला सबम्युकोसात घुसलेल्या ग्रंथी आणि भोवतीची डेस्मोप्लास्टिक (तंतुमय ऊतक वाढण्याची) प्रतिक्रिया हवी. तुकडा वरवरचा असेल तर ‘किमान हाय-ग्रेड डिसप्लेसिया, आत शिरल्याचं या तुकड्यात ठरवता येत नाही’ हे प्रामाणिक वाक्य आहे. कॅन्सर पक्का असेल तर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांच्या तपासणीसाठी ते राखून ठेवलेले सेक्शन आता उपयोगी पडतात.

रिपोर्ट

निदान पहिल्या ओळीत, जागेनुसार. मग रचना, सक्रियता, ग्रॅन्युलोमा, डिसप्लेसिया, जंतू: आहे किंवा नाही, प्रत्येकी एक ओळ. ‘नॉन-स्पेसिफिक कोलायटिस’ लिहू नका, त्यावरून डॉक्टर काहीच करू शकत नाहीत. नॉर्मल असेल तर सरळ नॉर्मल लिहा. तुकडा अपुरा असेल तर कशामुळे ते लिहा: वरवरचा, दाबलेला, की मस्क्युलारिस म्युकोसी नसलेला. पुढच्या वेळी सेंटर सुधारणा करतं.

टीबी, अमीबा, सीएमव्ही किंवा कॅन्सर असेल तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा आणि फोनची वेळ व घेणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहा. टीबी २०१२ पासून नोंदणी बंधनकारक असलेला आजार आहे. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद लॅबनं करायची की डॉक्टरांनी, हे त्याच फोनवर ठरवून घ्या.